परदेशातून गावी काय येते? : मंगूराम मुगोवालिया आणि आद धर्म चळवळ

परदेशी गेलेला माणूस सुधारतो आणि त्याच्यामुळे त्याचे गावही सुधारते, असे सर्रास बोलले जाते. आम्हाला हे अर्धसत्य वाटते. परदेशच्या पैशाने पक्की घरे होतात, हे खरे. पण कोणाला शेजारी बसवायचे आणि कोणाला दाराबाहेर ठेवायचे, ही गावाची नीती पैशाने बदलते काय? याचे उत्तर पंजाबच्या इतिहासात आहे.

होशियारपूर जिल्ह्यातील मुगोवाल गावी १८८६ साली चर्मकार कुटुंबात मंगूराम यांचा जन्म झाला. वडील कातड्याचा व्यापार करीत. मुलाला मात्र शाळेत वर्गाबाहेर बसून शिकावे लागले. १९०९ साली मंगूराम अमेरिकेला गेले आणि कॅलिफोर्नियातील फळबागांत राबले. १९१३ मध्ये तिथे गदर पार्टी उभी राहिली, तेव्हा ते तिच्यात सामील झाले. तिथले साथी आपल्याला बरोबरीने वागवत, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. पुढे शस्त्रे आणण्याच्या मोहिमेत ते अडकले, काही वर्षे फिलिपाईन्समध्ये काढली आणि १९२५ साली मायदेशी परतले.

गावात मात्र तीच जात आणि तीच अस्पृश्यता होती.

गदरचे शेकडो लोक त्यांच्या आधीच परतले होते. त्यांच्या त्यागाविषयी आम्हाला आदर आहे. पण त्यांच्या लढ्याचा रोख इंग्रज सत्तेवर होता, गावच्या जातिव्यवस्थेवर नव्हता. परदेश दोघांनीही पाहिला. पण ज्याने वर्गाबाहेर बसून अक्षरे गिरवली होती, त्याच्यासाठी परदेशातील समतेचा अर्थ वेगळा होता. मंगूरामांनी गावात शाळा सुरू केली आणि जून १९२६ मध्ये मुगोवाललाच परिषद भरवून आद धर्म मंडळाची स्थापना केली. आम्ही हिंदू, शीख वा मुसलमान नाही, आम्ही या भूमीचे मूळ रहिवासी आहोत, ही मंडळाची भूमिका होती. १९०० च्या जमीन कायद्यामुळे पंजाबात अस्पृश्यांना शेतजमीन विकत घेता येत नव्हती. अशा भूमिहीन समाजातील ४,१८,७८९ लोकांनी १९३१ च्या जनगणनेत आपला धर्म ‘आद धर्म’ नोंदवला! पुढच्याच वर्षी स्वतंत्र मतदारसंघाच्या लढ्यात हे मंडळ बाबासाहेबांच्या पाठीशी उभे राहिले.

आता दुसरी बाजू पाहू. याच दोआबातून पुढे हजारो कुटुंबे इंग्लंड-कॅनडाला गेली. परदेशच्या पैशाने जात गेली काय? जालंधरजवळच्या तल्हण गावात दलितांनी धर्मस्थळाच्या व्यवस्थापनात वाटा मागितला, तर २००३ साली त्यांच्यावर सामाजिक बहिष्कार टाकण्यात आला. म्हणजे सवर्णांची नीती होती तिथेच राहिली. पण दलित मोडले नाहीत. त्यांतील अनेकांची चूल आता जमीनदाराच्या मजुरीवर पेटत नव्हती; घरातली माणसे परदेशी होती. अखेर समितीवर दोन दलित प्रतिनिधी घ्यावे लागले.

यातून आम्ही एकच निष्कर्ष काढतो. स्थलांतर शोषिताला नकार देण्याचे बळ देते, पण शोषकाचे मन आपोआप बदलत नाही. ते बदलायला संघटना लागते. बाबासाहेबही १९१७ साली अमेरिका आणि लंडन पाहून बडोद्यात आले, तेव्हा त्यांना राहायला घर मिळाले नाही. त्यांच्या पदव्या पाहून बडोदा बदलले नाही. समाज हलला तो महाडच्या सत्याग्रहाने.

आज आपली मुले-मुली शिष्यवृत्तीवर परदेशी जात आहेत, याचा आम्हाला अभिमान आहे. त्यांनी घरी पैसे जरूर पाठवावेत. पण बरोबरीने जगण्याचा जो अनुभव तिथे मिळतो, तो वस्तीपर्यंत कोण पोहोचवणार? मंगूरामांनी परतल्यावर आधी शाळा काढली होती. आपण काय काढणार आहोत?

जय भीम!