खिशातल्या प्लेअरची पारख

1954 साली अमेरिकेत आलेला रीजन्सी टीआर-1 हा बाजारात सर्रास विकला गेलेला पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ. किंमत 49.95 डॉलर, आत चार ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा स्पीकर. त्याचा आवाज कसा आहे, हे घेणारा फारसा विचारत नसे. स्टेशन स्वच्छ लागते का आणि बॅटरी किती पुरते, एवढे पाहिले की सौदा होई. पुढची वीस-पंचवीस वर्षे खिशातल्या यंत्राकडून लोकांची अपेक्षा एवढीच राहिली.

ही अपेक्षा बदलली ती हेडफोनमुळे. सोनीने 1 जुलै 1979 रोजी टीपीएस-एल2 हा पहिला वॉकमन जपानमध्ये विक्रीला आणला. पत्रकारांसाठी बनवलेल्या छोट्या टेपरेकॉर्डरमधून ध्वनिमुद्रणाची सोय काढून टाकायची, स्टिरिओ आवाज घालायचा आणि सोबत हलका हेडफोन द्यायचा, अशी ती जुळणी होती. 33,000 येन ही किंमत तेव्हाच्या मानाने चढीच होती, पण स्वस्त नकला यायला वेळ लागला नाही. भारतात तर कोणत्याही कंपनीच्या अशा यंत्राला लोक वॉकमनच म्हणू लागले. खोलीतला गोंगाट बाजूला पडून आवाज थेट कानाशी आला, तेव्हा त्यातली खोटही तितकीच स्पष्ट ऐकू येऊ लागली.

कॅसेटची फीत सेकंदाला 4.76 सेंटिमीटर सरकते. हा वेग जरा डळमळला की सूरही डळमळतो. स्वस्त यंत्रात मोटर हलक्या प्रतीची असे, रबरी पट्टा सैल पडे आणि खिशात चालताना बसणारे हादरे वेगळेच. ढोलकीच्या ठेक्यात हा दोष लपून जाई. पण तानपुरा किंवा पेटीचा लांबवलेला सूर लागला की तो डुलताना सहज कळे. म्हणून अशा यंत्राची परीक्षा जलद गाण्यापेक्षा संथ आलापावर जास्त चांगली होत असे. दुसरा दोष फितीच्या सततच्या सरसर आवाजाचा. रे डॉल्बी यांच्या डॉल्बी बी पद्धतीने तो बराच कमी होई, पण ती सोय महागड्या मॉडेलांतच असे. तिसरा दोष हेडचा. हेड किंचित तिरका बसला की वरचे स्वर बोथट होतात आणि टाळ, झांज, सतारीची तार हे सारे कांबळ्याआडून आल्यासारखे वाटते. दुरुस्ती करणारे कारागीर हेडशेजारचा बारीक स्क्रू फिरवून कानाने तो सरळ करत. मापक उपकरणाशिवाय, केवळ ऐकून केलेले हे काम फार कौशल्याचे होते, आणि त्याची म्हणावी तशी नोंद झालेली नाही.

सोयींच्या बाबतीत स्वस्त वॉकमनची ओळख एका उणिवेवरून पटे. त्याला फीत पुढे पळवण्याचे बटण असे, मागे नेण्याचे नसे. मागे जायचे तर कॅसेट उलटी घालून पुढे पळवायची. त्याऐवजी दर्शनी बाजूला इक्वलायझरच्या तीन-चार सरकपट्ट्या आणि खर्ज फुगवणारे एखादे बटण मात्र हमखास असे. वरचे स्वर पोहोचवणे खर्चिक आणि खालचे फुगवणे स्वस्त, हे या बटणांमागचे साधे गणित होते. दुकानात दोन मिनिटे ऐकणाऱ्याला फुगवलेला खर्ज भारदस्त वाटतो. तासभर ऐकणाऱ्याचे कान त्याने शिणतात.

1984 साली सोनीचा डी-50 हा खिशात नाही तरी हातात मावणारा सीडी प्लेअर आला. सूर डुलणे थांबले, पण धक्का लागला की गाणे उडी मारू लागले. मग काही सेकंदांचे गाणे आधीच वाचून ठेवणारी स्मृती आली आणि ते सेकंद किती, हीच काही काळ चांगल्या प्लेअरची खूण ठरली.

यानंतर दोषाची जागा यंत्रातून फाईलमध्ये गेली. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली एमपी3 ही पद्धत कानाला ऐकू न येणारा भाग गाळून गाणे लहान करते. ती घासूनपुसून घेताना ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान वेगा यांचे वाद्यांविना गायलेले ‘टॉम्स डायनर’ पुनःपुन्हा ऐकले, कारण एकट्या मानवी आवाजातली चूक झाकायला दुसरे काही नसते. 1998 साली दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीचा एमपीमॅन आणि त्याच वर्षी अमेरिकेत डायमंड रिओ पीएमपी300 हे प्लेअर आले. रिओची किंमत 200 डॉलर आणि स्मृती 32 मेगाबाइट होती. 128 किलोबिट दराने तेवढ्या जागेत जेमतेम अर्धा तास संगीत बसे. ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने रिओविरुद्ध खटला भरला, पण 1999 साली अमेरिकेतील अपील न्यायालयाने निकाल डायमंडच्या बाजूने दिला आणि बाजार मोकळा झाला.

जागा इतकी तुटपुंजी असल्याने लोक फाईल 64 किलोबिटपर्यंत दाबत. मग भजनातले टाळ पाण्याखाली वाजल्यासारखे फसफसत आणि तबल्याच्या चाटेवरची थाप पडण्याआधीच तिची अस्पष्ट सावली ऐकू येई. हा दोष यंत्राचा नव्हता, तरी दूषण यंत्राला मिळे. त्यामुळे पारखणाऱ्याला पहिला नियम असा घालून घ्यावा लागला की परीक्षेची फाईल उच्च दराची असावी आणि दोन प्लेअरवर तीच एक फाईल वाजवावी.

स्मृती स्वस्त होत गेली तसा हा प्रश्न मागे पडला आणि हेडफोनच्या जोडातले सर्किट पुढे आले. या टप्प्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले, आणि शिकण्यासारखे सर्वांत जास्त इथेच आहे. हेडफोनकडे नको असलेला एकदिश प्रवाह जाऊ नये म्हणून अनेक स्वस्त प्लेअरांत वाटेवर कपॅसिटर बसवलेला असे. मोठा कपॅसिटर जागा आणि पैसे दोन्ही खातो, म्हणून छोटा बसवला जाई. 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि 16 ओहमचा इअरफोन यांची जोडी जमली की सुमारे 100 हर्ट्झवरच आवाज 3 डेसिबलने उतरतो आणि त्याखाली उतरतच जातो. म्हणजे डग्ग्याचा घुमारा जातो, नुसती थाप उरते. त्याच प्लेअरला 300 ओहमचा हेडफोन लावला की ही सीमा 5 हर्ट्झच्या आसपास येते आणि खर्ज पुरा ऐकू येतो. एकाच यंत्राबद्दल दोन प्रामाणिक माणसांची मते परस्परविरुद्ध का असत, याचे हे एक मोठे कारण होते.

दुसरे कारण प्लेअरच्या स्वतःच्या विद्युत अडथळ्याचे, म्हणजे आउटपुट इम्पिडन्सचे. तो जास्त असला तर इअरफोनच्या अडथळ्यातल्या चढउतारांनुसार आवाजाचा रंग बदलतो. इअरफोनच्या अडथळ्याच्या आठव्या हिश्शापेक्षा तो कमी असावा, असा ढोबळ नियम पुढे रूढ झाला. 2000 नंतर राइटमार्क ऑडिओ अ‍ॅनलायझर या मोफत सॉफ्टवेअरमुळे साउंड कार्ड असलेला कोणीही घरबसल्या आलेख काढू लागला. पण हेडफोन न जोडता काढलेला आलेख जवळजवळ प्रत्येक प्लेअरचा सरळच येतो. जोडून काढलेला आलेखच कामाचा, हे कळायला काही वर्षे गेली.

या कसोटीवर टिकलेला स्वस्त प्लेअर म्हणजे सॅनडिस्कचा सान्सा क्लिप. 2007 साली आलेल्या या चिमुकल्या यंत्राची सर्वांत कमी किंमत सुमारे 40 डॉलर होती. आत ऑस्ट्रियामायक्रोसिस्टिम्सची एकच चिप होती आणि डीकोडिंगपासून हेडफोन वाजवण्यापर्यंतची सगळी कामे तीच करी. आउटपुट इम्पिडन्स कमी, खर्ज शाबूत, एफएम रेडिओ, ध्वनिमुद्रण आणि छोटा पडदा. दोन वर्षांपूर्वी आलेल्या 99 डॉलरच्या आयपॉड शफलला पडदाच नव्हता. पुढे क्लिपला फ्लॅक आणि ऑग व्हॉर्बिस फाईलही वाजवता येऊ लागल्या, आणि 2009 च्या क्लिप प्लसमध्ये मेमरी कार्डाची खाच आली. चांगला आवाज आणि जास्त किंमत यांची गाठ या एका यंत्राने जितकी सैल केली, तितकी दुसऱ्या कशाने क्वचितच केली असेल.

आवाज पुरेसा चांगला झाल्यावर निवड सॉफ्टवेअरवर ठरू लागली. बहुतेक स्वस्त प्लेअर एक फाईल संपून दुसरी सुरू होताना क्षणभर थांबत. चित्रपटगीतांना त्याने बाधा येत नाही, पण मैफलीच्या ध्वनिमुद्रणात विलंबित ख्याल आणि द्रुत बंदिश दोन फाईलींत असतील, तर ऐन जोडावर भंग होतो. 2001 साली काही स्वीडिश प्रोग्रामरांनी आर्कोस प्लेअरच्या मूळ सॉफ्टवेअरला कंटाळून रॉकबॉक्स हे मुक्त सॉफ्टवेअर लिहायला घेतले. त्यात सलग वादन, बारकाईने जुळवता येणारा इक्वलायझर आणि गाण्यागाण्यांतला आवाजाचा चढउतार समान करण्याची सोय होती. पुढे ते क्लिपसह अनेक प्लेअरांवर चालू लागले. कानांच्या काळजीसाठी युरोपात घातलेली आवाजाची मर्यादाही सॉफ्टवेअरमध्येच असे. सान्साच्या यंत्रांत युरोप हा प्रदेश निवडला तर आवाज कमी मिळे, बाकी जग निवडले तर जास्त.

भारतीय बाजारात नावाजलेल्या कंपन्यांच्या प्लेअरांपेक्षा बिननावाचे चिनी प्लेअर जास्त खपले. त्यांची पारख वेगळ्याच ठिकाणी करावी लागे. डब्यावर लिहिलेली क्षमता अनेकदा खोटी असे. यंत्र संगणकाला तीच खोटी क्षमता दाखवी आणि खरी जागा भरल्यावर पुढची गाणी निकामी होत. प्लेअर काठोकाठ भरून शेवटचे गाणे वाजवून पाहणे, हीच त्यावरची खात्रीची तपासणी. लवकरच मेमरी कार्डाचे मोबाइल आले आणि मोबाइलच्या दुकानांत पैसे देऊन कार्डात गाणी भरून मिळू लागली, तेव्हा स्वतंत्र स्वस्त प्लेअरची मागणी ओसरली.

2016 च्या आयफोन 7 पासून हेडफोनची खाचही फोनमधून जाऊ लागली आणि अ‍ॅपलने 2022 च्या मे महिन्यात आयपॉडची निर्मिती थांबवल्याचे जाहीर केले. आता डिजिटल आवाजाचे विद्युतलहरींत रूपांतर करणारी चिप, अँप्लिफायर आणि बॅटरी हे सारे ब्लूटूथ इअरफोनच्या बोंडात असते. प्लेअर आणि इअरफोन यांची जोडी कारखान्यातच जुळवलेली असल्याने कपॅसिटर आणि इम्पिडन्सचे प्रश्न ग्राहकापर्यंत येत नाहीत. पारखायचे उरते ते बोंड कानात घट्ट बसते की नाही, कारण ते सैल बसले तर खर्ज आजही तसाच निसटतो.