चोरीसूचक यंत्रणा, संगणक-जालकातील

कार्यालयातील संगणक ज्या तारांनी परस्परांस जोडलेले असतात, त्याच तारांतून अल्प विद्युत् प्रवाह वाहता ठेवून प्रत्येक संगणक जागेवर आहे किंवा नाही, यावर मध्यवर्ती ठिकाणाहून पाळत ठेवणारी व्यवस्था. संगणक नेण्यासाठी तार सोडविली वा तोडली की प्रवाह खंडित होतो आणि इशारा मिळतो. संरक्षणासाठी वेगळ्या तारा टाकाव्या लागत नाहीत, हे या यंत्रणेचे मुख्य वैशिष्ट्य होय. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ती संगणकांसाठी योजण्यात आली. तथापि तिची मूलतत्त्वे एकोणिसाव्या शतकातील चोरघंटा व दूरध्वनी यांच्या तंत्रात आढळतात.

पूर्वपीठिका : अमेरिकेच्या मॅसॅचूसेट्स राज्यातील ऑगस्टस रसेल पोप यांनी १८५३ मध्ये विद्युत् चुंबकीय चोरघंटेचे एकस्व (पेटंट) मिळविले. दार वा खिडकी उघडताच विद्युत् मंडल पूर्ण होऊन घंटा वाजे. या एकस्वाचे हक्क एडविन होम्स यांनी १८५७ मध्ये घेतले व पुढे बॉस्टन आणि न्यूयॉर्क येथे त्यावर व्यवसाय उभारला. अशा मंडलात एक दोष होता : चोराने तार आधीच कापली, तर घंटा मुकीच राही. म्हणून प्रवाह अखंड वाहत राहणारे मंडल प्रचारात आले. त्यात प्रवाह थांबणे हाच इशारा असल्यामुळे तार कापणारा स्वतःच आपली वर्दी देतो. १८७७ मध्ये होम्स यांच्या बॉस्टनमधील चोरघंटांच्या तारांवर दूरध्वनी जोडण्यात आले. दिवसा संभाषण आणि रात्री राखण, अशी दोन्ही कामे एकाच तारेने होऊ लागली.

एका तारेवर दोन कामे एकाच वेळी करण्याचे तंत्र दूरध्वनीत विकसित झाले. केंद्राकडून येणारा सु. ४८ व्होल्टचा एकदिश विद्युत् दाब व आवाजाचे प्रत्यावर्ती संकेत एकाच जोडतारेतून जातात, कारण रोहित्र व धारित्र यांच्या साहाय्याने ते वेगळे करता येतात. तारांच्या दोन जोड्यांवर रोहित्रांच्या मध्यबिंदूंमधून तिसरे, ‘आभासी’ मंडल निर्माण करण्याची युक्तीही एकोणिसाव्या शतकातच माहीत झाली होती.

संगणकांचे जालक : झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये ईथरनेट या जालकाची कल्पना मांडली गेली. त्यात अनेक संगणक एकाच समाक्ष तारेवर असत. त्यामुळे विशिष्ट संगणकावर तारेवाटे नजर ठेवणे कठीण होते. १९९० मध्ये पीळ दिलेल्या जोडतारांवरील ईथरनेटचे मानक निश्चित झाले. या रचनेत प्रत्येक संगणकापासून मध्यवर्ती जोडणी-पेटीपर्यंत सु. १०० मी. लांबीपर्यंतची स्वतंत्र तार जाते. साहजिकच कोणती तार तुटली यावरून कोणता संगणक हलला, हे कळू शकते.

याच काळात चोरीचा प्रश्न तीव्र झाला. १९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आल्यानंतर एका माणसाला उचलता येतील अशी यंत्रे कार्यालयांतील मेजांवर आली. जुलै १९९३ मध्ये जपानमधील नीहामा येथील रसायन कारखान्यातील स्फोटानंतर स्मृती-चिपांच्या किमती वाढल्या आणि कार्यालयांतील संगणक चोरांना अधिकच मोलाचे वाटू लागले. यंत्र विकत आणता येते. परंतु त्यातील हिशेब, पत्रव्यवहार व लोकांची खाजगी माहिती गेली, तर ती भरून काढता येत नाही.

कार्यपद्धती : या ईथरनेटमध्ये जोडणी शाबूत असल्याचे दर्शविणारे स्पंद संगणक चालू असतानाच निघत. रात्री बंद केलेला संगणक व चोरीस गेलेला संगणक यांत जोडणी-पेटीस भेद करता येत नसे आणि चोरी तर बहुधा रात्रीच होई. मिशिगन राज्यातील क्रिमार सिस्टिम्स या कंपनीने १९९२ मध्ये अर्ज करून १९९५ मध्ये मिळविलेल्या एकस्वात यावर उपाय आहे. संगणकातील जालक-जोडणीच्या मुखाशी विलगक रोहित्र असते. त्याच्या वेटोळ्याचा एकदिश प्रवाहास होणारा रोध अत्यल्प असल्याने मध्यवर्ती ठिकाणाहून सोडलेला प्रवाह एका तारेने जाऊन वेटोळ्यातून दुसऱ्या तारेने परत येऊ शकतो. त्यासाठी संगणक चालू असण्याची गरज नसते. माहितीचे संकेत उच्च कंप्रतेचे असल्यामुळे त्यांस बाध येत नाही; मात्र रोहित्राचा गाभा चुंबकीय दृष्ट्या संपृक्त होऊ नये म्हणून प्रवाह अल्प ठेवावा लागतो. वीज गेली तरी पाळत चालू राहावी यासाठी मध्यवर्ती भागास विद्युत् घटमालेचा आधार द्यावा लागतो.

मर्यादा व पुढील विकास : तार न सोडविता संगणकाची पेटी उघडून चिपा काढल्या, तर ही यंत्रणा इशारा देत नाही. तारांच्या टोकाशी तुल्य रोध जोडून जाणकार चोर तिला फसवू शकतो. दुरुस्तीसाठी यंत्र हलविताना पूर्वसूचना न दिल्यास खोटे इशारे येतात आणि वारंवार आलेल्या खोट्या इशाऱ्यांकडे दुर्लक्ष होऊ लागते. इशारा मिळाल्यावर धावून जाणारा राखणदार नसेल, तर साराच खर्च व्यर्थ होय.

ईथरनेटच्या तारांतून उपकरणांस वीज पुरविण्याचे मानक २००३ मध्ये संमत झाले. त्यात उपकरणाची ओळख सु. २५ किलोओहम रोधावरून पटवितात. प्रवाह ठराविक मर्यादेखाली गेला की उपकरण काढले गेले असे समजून पुरवठा तोडतात. प्रवाहावरून उपकरणाची उपस्थिती ओळखण्याचे तत्त्व येथेही आहे.

सुवाह्य संगणक व बिनतारी जालके रूढ झाल्यावर तारेच्या पहाऱ्याचे क्षेत्र आकुंचित झाले. मे २००६ मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिक विभागातील एका कर्मचाऱ्याच्या घरातून सुवाह्य संगणक व त्यासोबतची साठवण-तबकडी चोरीस गेली, तीत सु. २ कोटी ६५ लक्ष व्यक्तींची माहिती होती. उपकरणे पुढील महिन्यात परत मिळाली. परंतु यंत्र राखणे व माहिती राखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या घटनेने स्पष्ट केले. त्यामुळे साठविलेली माहिती सांकेतिक रूपात ठेवण्याच्या पद्धतीवर उत्तरोत्तर अधिक भर देण्यात आला. स्थिर संगणक, छपाईयंत्रे, प्रयोगशाळांतील उपकरणे इत्यादींसाठी मात्र तारेवरील पाळत उपयुक्त ठरते.