केप हॉर्न

दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेले चिलीमधील प्रसिद्ध भूशिर. ते मुख्य भूमीवर नसून तिएरा देल फ्वेगो द्वीपसमूहातील हॉर्न बेटाच्या दक्षिण टोकाला आहे (५५° ५९′ द. अक्षांश, ६७° १६′ प. रेखांश). या काळ्या खडकाळ कड्याची उंची सु. ४२५ मी. आहे. त्याच्या दक्षिणेस अंटार्क्टिकाच्या बाजूला सु. ८०० किमी. रुंदीची ड्रेक सामुद्रधुनी असून तेथे अटलांटिक व पॅसिफिक महासागर मिळतात.

विल्यम स्खाउटेन व याकोब ल मेर या डच दर्यावर्दींनी २९ जानेवारी १६१६ रोजी या भूशिराला वळसा घातला. मॅगेलन सामुद्रधुनी व केप ऑफ गुड होप या मार्गांचा मक्ता डच ईस्ट इंडिया कंपनीकडे असल्याने पूर्वेकडील व्यापारासाठी तिसरी वाट शोधणे हा त्यांचा हेतू होता. नेदर्लंड्समधील होर्न या नगरावरून भूशिराला नाव मिळाले.

या अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वाऱ्यांना पृथ्वीभोवती कोठेही जमिनीचा अडसर नाही. अँडीज पर्वत व अंटार्क्टिक द्वीपकल्प यांच्यामधील चिंचोळ्या वाटेत त्यांचा जोर वाढतो. खोल महासागरातून आलेल्या लाटा येथील उथळ समुद्रबुडावर उंच व उभ्या होतात. हिमनगांचाही धोका असतो. ऑस्ट्रेलियातून धान्य व लोकर घेऊन युरोपकडे निघालेल्या शिडाच्या जहाजांना हेच वारे वेगाने पुढे नेत. अटलांटिकमधून पॅसिफिककडे जाणाऱ्यांना मात्र त्यांच्याविरुद्ध आठवडेच्या आठवडे झुंजावे लागे. १७८८ मध्ये ‘बाउंटी’ जहाजाचा कप्तान विल्यम ब्लाय याने सुमारे महिनाभराच्या प्रयत्नानंतर हा मार्ग सोडला व केप ऑफ गुड होपची वाट धरली.

एकोणिसाव्या शतकात येथील वाहतूक फार वाढली. १८४९ च्या सुवर्णशोधाच्या लाटेत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून हजारो लोक याच मार्गाने कॅलिफोर्नियाला गेले. चिलीतील नायट्रेट युरोपात नेणारी जहाजेही याच वाटेने जात. अनेक जहाजे व असंख्य खलाशी येथे बुडाले. १९१४ मध्ये पनामा कालवा खुला झाल्यावर या मार्गाचे व्यापारी महत्त्व ओसरले. तरी कालव्यात न मावणारी मोठी जहाजे त्यानंतरही येथून जात राहिली.

शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्यांसाठी केप हॉर्न आजही मोठी कसोटी आहे. भारतीय नौदलाचे दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेतून २००९-१० मध्ये एकट्याने केलेल्या प्रदक्षिणेत हे भूशिर ओलांडले. गोव्यातच बांधलेल्या ‘तारिणी’ नौकेतून वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी जानेवारी २०१८ मध्ये ते पार केले.

बेटावर चिलीच्या नौदलाचे ठाणे व दीपगृह आहे. येथे मृत्यू पावलेल्या खलाशांच्या स्मरणार्थ १९९२ मध्ये अल्बाट्रॉस पक्ष्याच्या आकृतीचे स्मारक उभारण्यात आले. हा परिसर १९४५ पासून राष्ट्रीय उद्यान असून २००५ मध्ये यूनेस्कोने त्याचा समावेश जीवावरण राखीव क्षेत्रांत केला.