कनेरसरचे पितापुत्र आणि एक निकाल

आपल्या खेड तालुक्यातील कनेरसर हे गाव यमाई देवीमुळे कुरुळीच्या घराघरांस ठाऊक आहे. चंद्रचूड घराणे याच गावचे. त्यातील यशवंत विष्णु चंद्रचूड हे १९७८ ते १९८५ या काळात भारताचे सरन्यायाधीश होते. ही गोष्ट आपण मुलांस अभिमानाने सांगतो. परंतु इतिहास अर्धा सांगून चालत नाही.

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी पुकारली गेली. ‘मिसा’ कायद्याखाली हजारो लोक विनाचौकशी तुरुंगात गेले. येरवडा तर आपल्यापासून दूर नव्हे. कित्येकांनी उच्च न्यायालयांकडे बंदीप्रत्यक्षीकरणाचे अर्ज केले. बंदीप्रत्यक्षीकरण म्हणजे ‘या मनुष्यास कोणत्या कायद्याने डांबले ते आमच्यापुढे दाखवा’ असा न्यायालयाने सरकारास केलेला हुकूम. सरकारचे म्हणणे असे की, राष्ट्रपतींच्या आदेशाने जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्कासाठी दाद मागण्याची वाटच बंद झाली आहे, सबब न्यायालयांनी असे अर्ज पाहूच नयेत. नऊ उच्च न्यायालयांनी हे मानले नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांस विचारले की, एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तर? आणीबाणी आहे तोवर दाद नाही, असे उत्तर मिळाले! आजही हे वाचताना अंगावर काटा येतो.

२८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मताने निकाल सरकारच्या बाजूने लागला. त्या चौघांत आपले यशवंतराव होते. एकट्या खन्नांनी विरुद्ध मत दिले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तीस सरन्यायाधीश नेमण्यात आले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. यशवंतरावांच्या विद्वत्तेविषयी संशय नाही. पण प्रस्तुत लेखकाच्या मते त्या दिवशी ती पुरी पडली नाही.

पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा हक्क आणीबाणीतही अबाधित ठेवला. निकाल मात्र दप्तरी तसाच राहिला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खाजगीपणाच्या हक्काच्या खटल्यात, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो मोडीत काढला. त्या वेळी त्या चारही न्यायमूर्तींची मते गंभीररीत्या सदोष होती, असे लिहिणारे न्यायमूर्ती होते धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव. वडिलांची चूक चारचौघांत काढणे आपल्याकडे शिष्टसंमत नव्हे; स्मरणिकांतूनही आपण पूर्वजांचे गुणच तेवढे छापतो. असो. नोव्हेंबर २०२२ मध्ये धनंजयरावही सरन्यायाधीश झाले. पिता आणि पुत्र दोघेही त्या पदावर बसल्याचे आपल्या देशातील हे पहिलेच उदाहरण होय.