स्कॉटलंडची लिंक्स : सुटीतले गोल्फ आणि गावाच्या मालकीची मैदाने

गोल्फ हा बड्या कंपन्यांच्या संचालकांचा, लष्करी अधिकाऱ्यांचा आणि महागड्या क्लबांच्या सभासदांचा खेळ, असा समज भारतीय शहरांत दृढ आहे. या खेळाची जन्मभूमी मानल्या जाणाऱ्या स्कॉटलंडमध्ये मात्र चित्र बरेच वेगळे आहे. सुमारे ५५ लाख लोकवस्तीच्या या देशात साडेपाचशेच्या आसपास गोल्फ मैदाने आहेत. त्यांपैकी अनेक मैदाने नगरपालिकांच्या किंवा सार्वजनिक न्यासांच्या ताब्यात आहेत, तर बहुतेक खासगी क्लबही ठरलेली फी घेऊन पाहुण्यांना खेळू देतात. त्यामुळे आठ-दहा दिवसांची रजा काढून रोज एका नव्या गावातील नव्या मैदानावर खेळणे, ही तेथील नोकरदारांची जुनी सवय आहे. ती रुजली याचे कारण केवळ खेळाची आवड नव्हे. समुद्रकाठच्या जमिनीवरील आपला हक्क गावकऱ्यांनी शतकानुशतके सोडला नाही, हे त्यामागचे खरे कारण आहे.

लिंक्स म्हणजे काय?

समुद्राची पुळण आणि आतील शेतजमीन यांना जोडणाऱ्या वालुकामय, उंचसखल पट्ट्याला स्कॉटलंडमध्ये ‘लिंक्स’ म्हणतात. ही जमीन शेतीला निरुपयोगी. वाळूमुळे पावसाचे पाणी लगेच झिरपते, खाऱ्या वाऱ्यामुळे झाडे वाढत नाहीत आणि मेंढ्या व ससे यांच्या चरण्यामुळे गवत आखूड राहते. वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी जेथे जमीन उकरली, तेथे वाळूचे खड्डे पडले आणि त्यांतूनच आजचे ‘बंकर’ निर्माण झाले, असे मानले जाते. थोडक्यात, जुनी मैदाने कोणी आखली नाहीत; ती निसर्गाने आणि जनावरांनी घडवली. पाणी साचत नसल्याने तेथे हिवाळ्यातही खेळता येते.

ही जमीन कोणाच्याही पिकाची नसल्याने ती साऱ्या गावाची होती. कपडे वाळत घालणे, गुरे चारणे, धनुर्विद्येचा सराव करणे आणि चेंडू खेळणे या सर्वांसाठी तिचा वापर होई. गोल्फचा पहिला लेखी उल्लेख आढळतो तोही बंदीच्या रूपाने. इंग्लंडशी वैर असताना तरुण धनुर्विद्येचा सराव सोडून खेळात रमतात, म्हणून १४५७ साली स्कॉटिश संसदेने फुटबॉल आणि गोल्फ या दोन्ही खेळांवर बंदी घातली. १४७१ आणि १४९१ मध्ये ती पुन्हा जाहीर करावी लागली. यावरून ती कितपत पाळली गेली असेल, याची कल्पना येते.

सेंट अँड्र्यूजचा लढा

जमिनीवरील हक्काची कहाणी सर्वांत स्पष्ट दिसते ती सेंट अँड्र्यूज या किनारी नगरात. तेथील आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांना १५५२ साली लिंक्सवर ससे पाळण्याची मुभा मिळाली. त्याच सनदेत गोल्फ, फुटबॉल आणि नेमबाजी यांसाठी या जमिनीचा वापर करण्याचा नगरवासीयांचा हक्क मान्य करण्यात आला.

हा हक्क पुढे धोक्यात आला. आर्थिक अडचणीत सापडलेल्या नगराने १७९७ साली ही जमीन विकली आणि ती सशांच्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली. बिळांनी मैदानाची चाळण झाली. गोल्फ खेळणारे आणि ससे पाळणारे यांच्यातील तंटा न्यायालयापर्यंत पोहोचला. अखेर १८२१ मध्ये जेम्स चीप या स्थानिक जमीनदाराने जमीन विकत घेतली आणि खेळ वाचला. १८९४ च्या संसदीय कायद्याने लिंक्सची मालकी पुन्हा नगराकडे आली. स्थानिक स्वराज्य संस्थांची फेररचना झाली तेव्हा, १९७४ साली, कारभारासाठी स्वतंत्र न्यास स्थापन झाला.

आज या न्यासाकडे सात मैदाने आहेत. जगप्रसिद्ध ‘ओल्ड कोर्स’ त्यांपैकी एक. नगरवासीयांना सवलतीच्या दरात वार्षिक पास मिळतो. एरवी ओल्ड कोर्सवर रविवारी खेळ बंद असतो. मोठ्या स्पर्धांचाच काय तो अपवाद. त्या दिवशी ज्या हिरवळीवर जगज्जेते खेळून गेले, तेथे गावकरी कुत्र्यांना घेऊन फेरफटका मारताना आणि मुले बागडताना दिसतात. मैदान मुळात गावाचे असल्याचे हे दर आठवड्याचे स्मरणच होय.

झाडाच्या चिकापासून रेल्वेपर्यंत

हक्क असला तरी खेळ सर्वांना परवडत होता असे नाही. १९ व्या शतकाच्या मध्यापर्यंत चेंडू चामड्याच्या पिशवीत पिसे ठासून हाताने शिवला जाई. कसबी कारागिराकडूनही दिवसाकाठी मोजकेच चेंडू तयार होत. ते महाग असत आणि भिजले की खराब होत. १८४८ च्या सुमारास आग्नेय आशियातील गटापर्चा या झाडाच्या चिकापासून चेंडू बनू लागले. ते स्वस्त, टिकाऊ आणि तापवून पुन्हा घडवता येणारे होते. खेळाचा प्रसार झपाट्याने झाला, त्यामागे या चिकाचा वाटा मोठा आहे.

दुसरा वाटा रेल्वेचा. किनाऱ्यालगत लोहमार्ग टाकले गेले आणि ग्लासगो, एडिंबरा, डंडी येथील कारकून, दुकानदार व कुशल कामगार तासा-दोन तासांत समुद्रावर पोहोचू लागले. ग्लासगोत जुलैच्या मध्यावर ‘ग्लासगो फेअर’ ही सुटी असते. मध्ययुगीन जत्रेतून उगम पावलेल्या या सुटीत कारखाने आणि जहाजबांधणीच्या गोद्या बंद राहत आणि शहर अक्षरशः रिकामे होऊन क्लाइड नदीच्या मुखाकडील गावांत व बेटांवर लोटे. एडिंबरातील कामगारांची वेगळी सुटी जुलैच्या प्रारंभी येई. १९३८ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये पगारी रजेला बळ मिळाले. सुटीतील पाहुणे यावेत म्हणून लहान गावांनीही आपापली मैदाने आखली. अरान हे बेट उत्तर-दक्षिण जेमतेम ३० किलोमीटर लांबीचे. तरी त्यावर एकेकाळी सात मैदाने होती. म्हणजे आठवड्याच्या मुक्कामात रोज एक!

शहरांनीही सोय केली. एडिंबरातील ब्रंट्सफील्ड लिंक्सवर फिरायला येणारे आणि खेळणारे यांची दाटी झाली, तेव्हा नगरपालिकेने टेकडीवरची जमीन घेऊन १८८९ साली ब्रेड हिल्सचे सार्वजनिक मैदान सुरू केले. जुन्या ब्रंट्सफील्डवर छोट्या होलचे गोल्फ आजही विनाशुल्क खेळता येते.

एकासारखे दुसरे नाही

टेनिसचे कोर्ट जगात कोठेही गेले तरी तेवढेच असते. गोल्फच्या मैदानाला असे माप नाही. होलची लांबी, वळण, बंकरची जागा, वाऱ्याची दिशा हे सारे त्या त्या जमिनीवर अवलंबून असते. अठरा होलचे बंधनही नंतरचे. सेंट अँड्र्यूजला पूर्वी बावीस होलची फेरी होती. १७६४ साली काही होल एकत्र केल्यावर ती अठरावर आली आणि पुढे तोच प्रघात पडला.

पहिली ओपन स्पर्धा १८६० साली प्रेस्टविक येथे झाली, तेव्हा तेथे १२ होल होते. आठ व्यावसायिक खेळाडूंनी तीन फेऱ्या खेळल्या आणि विली पार्क विजयी ठरला. प्रेस्टविकचा पहिला होल लोहमार्गाच्या भिंतीलगत जातो. पाचव्या होलचे नाव आहे ‘हिमालय’! समोर वाळूची उंच टेकडी असल्याने ग्रीन दिसतच नाही. अंदाजाने चेंडू पलीकडे मारायचा आणि मग टेकडी ओलांडून तो शोधायचा. नॉर्थ बर्विकला एका ग्रीनच्या पुढ्यात दगडी कुंपण आडवे येते. तेथीलच ‘रेडान’ या होलला क्रिमियन युद्धातील तटबंदीचे नाव मिळाले असून त्याच्या प्रतिकृती जगभर उभारल्या गेल्या. मसलबराचे नऊ होलचे जुने मैदान घोडदौडीच्या वर्तुळाच्या आत आहे. १८७४ ते १८८९ या काळात तेथे सहा वेळा ओपन स्पर्धा झाली. अरानवरील शिस्किनचे मैदान आजही १२ होलचे आहे आणि ते वाढवावे असे कोणास वाटत नाही.

साउथ युइस्ट बेटावरील आस्कर्निशची गोष्ट आणखी निराळी. थोरले टॉम मॉरिस यांनी १८९१ साली आखलेले हे मैदान पुढे वाळूच्या टेकड्यांत विस्मृतीत गेले. २००५ नंतर त्याचा शोध घेऊन ते पुन्हा उभे करण्यात आले आणि २००८ मध्ये खुले झाले.

यामुळेच घरच्या मैदानावर वर्षानुवर्षे खेळणाऱ्याला शेजारच्या गावात गेल्यावर नव्याने शिकावे लागते. पाठ झालेले अंतर निरुपयोगी ठरते. चेंडू उंच मारावा की वाऱ्याखालून जमिनीलगत घसटत न्यावा, हे त्या जागीच ठरवावे लागते.

वेगवेगळ्या मैदानांवर बरोबरी कशी?

मैदाने इतकी भिन्न असताना खेळाडूंची तुलना कशी होते, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर ‘हँडिकॅप’ पद्धतीत आहे. २०२० पासून जगभर एकच पद्धत लागू झाली. खेळाडूच्या अलीकडच्या २० फेऱ्यांपैकी सर्वोत्तम आठ फेऱ्यांच्या आधारे त्याचा निर्देशांक काढला जातो. कमाल मर्यादा ५४ आहे. प्रत्येक मैदानाला ‘स्लोप’ हा अंक दिलेला असतो. सामान्य खेळाडूला ते मैदान निष्णात खेळाडूच्या तुलनेत किती जड जाईल, हे त्यावरून कळते. हा अंक ५५ ते १५५ च्या दरम्यान असतो आणि ११३ हे प्रमाण मानले जाते.

निर्देशांकाला मैदानाच्या स्लोपने गुणून ११३ ने भागले, की त्या मैदानापुरती सवलत मिळते. निर्देशांक २० असलेल्या खेळाडूला १३० स्लोपच्या मैदानावर २३ फटक्यांची, तर १०० स्लोपच्या मैदानावर १८ फटक्यांची सवलत मिळेल. मैदानाचे मानांकन आणि पार यांतील फरकाचीही त्यात भर-वजाबाकी होते. त्यामुळे दोन गावांतील, दोन वयांचे आणि दोन पातळ्यांचे खेळाडू एकाच सामन्यात बरोबरीने खेळू शकतात.

सुटीतील दिनक्रम

स्कॉटलंडमध्ये जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. अठरा होलच्या फेरीला साधारण चार तास लागतात आणि सहा ते आठ किलोमीटर चाल होते. त्यामुळे सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे मैदान असाही बेत जमतो. अनेक ठिकाणी संध्याकाळचे दर कमी असतात. दुर्गम भागातील काही लहान मैदानांवर फी घ्यायला माणूसही नसतो. दारात पेटी ठेवलेली असते; तीत पैसे टाकायचे आणि खेळायला लागायचे. उपटलेले गवत जागेवर बसवणे, बंकरमधील वाळू सारखी करणे आणि मागून येणाऱ्या वेगवान खेळाडूंना वाट देणे, हे शिष्टाचार मात्र सर्वत्र सारखेच.

ओल्ड कोर्ससाठी आधीपासून आरक्षण नसेल, तर खेळाच्या दोन दिवस अगोदर निघणाऱ्या सोडतीत नाव नोंदवता येते. तेथील फी भर हंगामात ३०० पौंडांच्या वर गेली आहे. गावोगावची लहान मैदाने त्या तुलनेत कितीतरी स्वस्त आहेत.

हक्कावरील सावट

या परंपरेला काळी बाजूही आहे. सार्वजनिक जमीन सर्वांची असली, तरी क्लबांचे दरवाजे सर्वांना उघडे नव्हते. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने महिलांना सभासदत्व देण्याचा निर्णय घेतला तो २०१४ साली. म्युअरफील्डच्या क्लबमध्ये तसा ठराव २०१६ मध्ये फेटाळला गेला आणि २०१७ मध्ये संमत झाला.

आता प्रश्न आहे तो सार्वजनिक मैदानांच्या अस्तित्वाचा. नगरपालिकांच्या तिजोऱ्या आटल्या की पहिली कुऱ्हाड अशा मैदानांवर पडते. डंडीतील कॅम्परडाउनचे मैदान २०२० साली बंद झाले. पूर्व किनाऱ्यावरील माँट्रोजचे प्राचीन लिंक्स समुद्र कुरतडत आहे. तेथे काही टी मागे घ्यावे लागले. ज्या जमिनीसाठी गावकरी सशांशी आणि जमीनमालकांशी झगडले, तिच्यासाठी आता लाटांशी आणि अंदाजपत्रकाशी झगडावे लागत आहे.

भारतात गोल्फ आले ते ब्रिटिशांबरोबर. १८२९ साली स्थापन झालेला रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब हा ब्रिटनबाहेरील सर्वांत जुना मानला जातो. खेळ आला, क्लब आले, नियमही आले. गावाच्या मालकीचे मैदान मात्र मागेच राहिले. मुंबई-पुण्यातील जुनी मैदाने प्रामुख्याने सभासदांसाठी आहेत. नवी मुंबईत खारघरच्या टेकड्यांमध्ये सिडकोने उभारलेले मैदान हा त्यातील ठळक अपवाद. येथील जमीन आणि पाणी दोन्ही दुर्मीळ असल्याने स्कॉटलंडचे अनुकरण करता येणार नाही, हे खरे. तरीही शहरातील एवढी मोठी मोकळी जागा कोणाची आणि तिच्यावर पाऊल ठेवण्याचा अधिकार कोणाला, हा सेंट अँड्र्यूजच्या नागरिकांनी चारशेहून अधिक वर्षांपूर्वी सोडवू पाहिलेला प्रश्न मुंबई-पुण्यातही तितकाच लागू पडतो.