मिरीची पुडी आणि रोमचे शहाणपण

सह्याद्रीच्या कुशीतील गुंजीच्या वाचकाला प्राचीन रोम फार दूरचे वाटेल. परंतु हीच डोंगररांग दक्षिणेस केरळात पोहोचते आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकात तेथील मुझिरिस बंदरातून काळी मिरी रोमन साम्राज्याकडे रवाना होत असे. आपल्या शेजारच्या कोल्हापुरातही पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीवर पोसायडन या सागरदेवतेची कांस्यमूर्ती सापडली. ती दूरच्या व्यवहाराची साक्षच होय.

या मिरीकडे रोमन लेखकांनी मोठ्या मिश्किलपणे पाहिले. थोरल्या प्लिनीने (इ. स. 23–79) तिचा भाव नोंदविला : रोमन रतलास 4 दिनार. जिला ना रूप, ना गोडी, ती केवळ तिखटपणापायी लोक हिंदुस्थानातून आणवितात आणि सोन्यारुप्यासारखी तोलून घेतात, याचे त्याला नवल वाटे. गुंजेने सोने तोलणाऱ्या आपल्या समाजाला ही थट्टा सहज उमगावी. हिंदुस्थान वर्षाला किमान 5 कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशीही त्याची तक्रार होती. परंतु जिभेने हिशेब कधी ऐकला आहे? पुढे सम्राट डोमिशियनने रोममध्ये मिरीमसाल्यांसाठी खास कोठारे उभारली!

कवींना मिरीचे भय निराळ्याच कारणाने वाटे. ऑगस्टसला लिहिलेल्या पद्यपत्रात होरेसने हसत हसत म्हटले, की टाकाऊ काव्याची पाने अखेर धूप, अत्तर आणि मिरी विकणाऱ्या गल्लीत पुड्या बांधण्यास जातात. सुमारे शंभर वर्षांनी मार्शलने आपल्या पुस्तकालाच बजावले, की वेळीच आश्रयदाता शोधावा, नाहीतर मासे गुंडाळण्याची किंवा मिरीची पुडी होण्याची पाळी येईल.

या विनोदात मनुष्यस्वभावाचे मर्म आहे. लेखकाला अमरत्वाची हाव, वाण्याला कागदाची गरज. आणि दोघेही आपापल्या जागी खरे! रद्दीच्या पुडीवर अर्धवट छापील मजकूर वाचलेल्या आपल्यापैकी कोणाला हे पटणार नाही?

तरीही मार्शलच्या कविता आपल्यापर्यंत आल्या. कारण पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी त्या नकलून घेतल्या, जपल्या. एकट्या प्रतिभेने ग्रंथ तरत नाहीत. त्यांना कपाट लागते, वर्गणी लागते आणि वाचणारे डोळे लागतात. मार्शलने शोधावयास सांगितलेला आश्रयदाता म्हणजे, वाचकहो, गेली शंभर वर्षे या ग्रंथालयाची वर्गणी भरणारे आपण सर्व आहात.