गाभाऱ्यातले दोन रखवालदार

२००८ सालच्या एका दुपारी आईच्या ओव्या टाइप करत बसलो होतो. वहीत नसलेल्या ओव्या मावशी फोनवरून सांगत होती. तेवढ्यात पडदा निळा झाला, आणि तीन तासांचं काम गेलं. मावशीला पुन्हा त्यातल्या निम्म्याच आठवल्या.

भाच्याने निदान केलं, "मामा, अहो दोन-दोन अँटिव्हायरस कशाला ठेवलेत?" एक दुकानदाराने घातलेला, दुसरा मी फुकट मिळाला म्हणून उतरवलेला! शिवाय ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर जुनाट. त्याने सेफ मोड उघडायला लावून एक रखवालदार काढला, ड्रायव्हर नवा घातला. मशीन सुधारलं. ओव्या गेल्या त्या गेल्याच.

मी इतिहासाचा मास्तर. हे असं का, हा किडा वळवळत राहिला.

मंडळी, कॉम्प्युटरला एक गाभारा असतो, त्याला कर्नल म्हणतात. साधा प्रोग्रॅम चुकला तर तो एकटाच बंद पडतो. गाभाऱ्यात चूक झाली तर आणखी नासधूस नको म्हणून विंडोज स्वतःच सगळं थांबवते. तोच निळा पडदा. १९९३ च्या विंडोज एनटीमध्ये चित्रं काढणारा बराचसा भाग गाभाऱ्याबाहेर होता. १९९६ च्या एनटी ४.० मध्ये वेगासाठी तो आत घेतला. वेग मिळाला, पण ग्राफिक्स ड्रायव्हरची चूकही आत आली. अँटिव्हायरसही आतच बसतात, उघडणारी प्रत्येक फाइल अडवतात. दोन असले की एकमेकांच्या पायात पाय!

मायक्रोसॉफ्टने २००५ मध्ये ६४-बिट विंडोजच्या गाभाऱ्यात फेरफार करायला बंदी घातली, तेव्हा २००६ मध्ये सिमँटेक आणि मॅकॅफी यांनी केवढा गहजब केला. मला तरी तेव्हा बंदीच बरोबर वाटली असती. अर्थात ड्रायव्हर म्हणून आत बसण्याची वाट उघडीच राहिली.

१९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरला एक नवी फाइल आली. तिला २१ वा रकाना वाचायचा होता, प्रोग्रॅम देत होता २० च. एवढ्यावरून सुमारे ८५ लाख मशीन्स आडवी! आपल्याकडे काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले. चुकीची फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली, पण बंद पडलेल्या मशीनपर्यंत ती दुरुस्ती पोचणार कशी?

भाचा आता एका कंपनीत हेच काम पाहतो. त्या शुक्रवारी रात्री दोनपर्यंत तो एकेका टेबलापाशी जाऊन सेफ मोड उघडत होता, ती फाइल पुसत होता. दुसऱ्या दिवशी फोन आला, "मामा, काल तुमच्या ओव्या आठवल्या."